खाटेवरून उठलेले म्हातारपण

म्हातारपणाविषयी दोन वाक्ये आपल्या घरांतून नेहमी ऐकू येतात. वडीलधाऱ्यांची कंबर धरली, रात्रीची झोप उडाली, बोलता बोलता एखादे नाव आठवेनासे झाले किंवा चालताना तोल जाऊ लागला, की पहिले वाक्य येते : ‘आता वयच झालंय.’ त्यामागोमाग, बहुधा मायेपोटीच, दुसरे येते : ‘तुम्ही काही करू नका, नुसते पडून राहा.’ पहिल्या वाक्याने पुढची चौकशी थांबते आणि दुसऱ्याने चालता-फिरता माणूस अंथरुणाला लागतो.

ही वाक्ये काही केवळ आपलीच नव्हेत. युरोपातील दरिद्रगृहांत, इस्पितळांत आणि वैद्यकाच्या वर्गांतही ती शतकानुशतके वेगवेगळ्या भाषांत बोलली गेली. वृद्धांच्या शुश्रूषेचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन वाक्यांना हळूहळू मिळत गेलेले उत्तर होय. हे उत्तर देणाऱ्यांत एक अल्पशिक्षित मोलकरीण आहे, एक इंग्रज डॉक्टरीणबाई आहे आणि एक परिचारिका आहे. पहिलीने एका म्हातारीला आपली खाट दिली, दुसरीने शेकडो म्हाताऱ्यांना खाटेवरून उठवले आणि तिसरीने खाटेवर पडलेल्या देहाची निगा शास्त्रशुद्ध कशी राखावी हे दाखवून दिले. वरवर पाहता ही तीन निरनिराळी कामे वाटतात. तथापि त्यांच्या मुळाशी असलेली सेवा एकच आहे.

कांकालची मोलकरीण

फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांतात समुद्रकिनाऱ्यावर कांकाल नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तेथे २५ ऑक्टोबर १७९२ रोजी जान जुगाँ हिचा जन्म झाला. फ्रेंच राज्यक्रांतीचा तो धामधुमीचा काळ. जान अवघ्या तीन-चार वर्षांची असताना मासेमारीला गेलेले तिचे वडील समुद्रावरून परतलेच नाहीत. आईने काबाडकष्ट करून मुलांना वाढवले. सोळाव्या वर्षी जान एका खानदानी घरात स्वयंपाकघरातील मोलकरीण म्हणून राहिली. पंचविसाव्या वर्षी ती जवळच्या सँ-सेर्वां या गावी गेली आणि तेथील इस्पितळात रुग्णसेवा करू लागली. सहा वर्षे तिने हे काम केले. पुढे प्रकृती खालावल्यामुळे तिने एका वयस्क धार्मिक वृत्तीच्या बाईंच्या घरी नोकरी पत्करली आणि १८३५ साली त्या बाई वारल्या तोवर, म्हणजे सुमारे बारा वर्षे, त्यांची सोबत केली.

राज्यक्रांतीत मठ बंद पडले होते. मठांच्या आश्रयाने चालणारी अनेक धर्मादाय रुग्णालये व अनाथालये मोडकळीस आली होती. सँ-सेर्वां हे दर्यावर्दींचे गाव. समुद्राने नवरा व मुलगे गिळलेल्या निराधार म्हाताऱ्या तेथे पुष्कळ. अंगात बळ असेपर्यंत त्या मोलमजुरी करीत आणि बळ सरले की हाती टोपली घेऊन दारोदार फिरत.

१८३९ सालच्या हिवाळ्यात सत्तेचाळीस वर्षांच्या जानला अशीच एक म्हातारी भेटली. तिचे नाव आन शोव्हँ. ती आंधळी होती, अर्धे अंग लुळे पडले होते आणि तिच्याकडे पाहणारे कोणी उरले नव्हते. जान तिला आपल्या घरी घेऊन आली. अरुंद जिन्यावरून तिला वर न्यावे लागले. घरात जागा बेताचीच. तेव्हा जानने तिला आपली स्वतःची खाट दिली आणि आपण माळ्यावर निजू लागली. लवकरच आणखी एक निराधार म्हातारी त्या घरात आली. जानच्या सोबतीला व्हर्जिनी ट्रेदानिएल ही तरुण अनाथ मुलगी आणि मारी जामे ही तिची मैत्रीण होती. १८४१ साली या मंडळींनी मोठी जागा भाड्याने घेतली आणि तेथे बारा म्हाताऱ्यांची सोय झाली. पुढच्याच वर्षी एक जुनी मठाची इमारत विकत घेण्यात आली. तेथे चाळीसजणींना आसरा मिळाला.

इतक्या माणसांना खाऊ काय घालायचे? या म्हाताऱ्या पूर्वी स्वतः भीक मागत. जानने त्यांच्या हातची टोपली आपल्या हाती घेतली. त्या ज्या दारी जात त्याच दारी ती जाऊ लागली आणि ‘आता त्यांच्याऐवजी मी आले आहे’ असे सांगू लागली. त्यांचा दाता त्यांना सुटला नाही; सुटली ती वणवण आणि मानहानी. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ज्या म्हाताऱ्यांच्या हातांत थोडीफार शक्ती होती त्यांना तिने नुसते बसवून ठेवले नाही. त्या लोकर पिंजत, सूत कातत. त्या कामाने घराला चार पैसे मिळत हे खरेच; परंतु त्याहून मोठा लाभ असा की, आपण कोणावर भार नाही ही जाणीव त्या म्हाताऱ्यांच्या मनात जागी राही.

डिसेंबर १८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने तिला माँतियों पारितोषिक दिले. ते तीन हजार फ्रँकचे होते. गरीब फ्रेंच नागरिकाच्या सत्कृत्यासाठी दिला जाणारा तो राष्ट्रीय सन्मान होता.

संस्थापिकेचे म्हातारपण

जानच्या चरित्राचा उत्तरार्ध मन विषण्ण करणारा आहे. डिसेंबर १८४३ मध्ये सोबतिणींनी तिला पुन्हा प्रमुख म्हणून निवडले. त्यानंतर दोन आठवडे उलटतात न उलटतात तोच त्यांचे मार्गदर्शक धर्मगुरू आबे ल पायर यांनी ती निवड रद्द करून तेवीस वर्षांच्या मारी जामेला प्रमुख नेमले. जान मुकाट्याने टोपली घेऊन भिक्षेला जात राहिली. १८५२ साली तिला मुख्य मठात परत बोलावण्यात आले आणि बाहेरची सर्व कामे काढून घेण्यात आली. पुढे मुख्य मठ ला तूर सँ-जोझेफ येथे हलला. तेथे उमेदवार तरुणींच्या सहवासात तिचे उरलेले आयुष्य गेले. या एकांतवासाची एकूण सत्तावीस वर्षे भरली. सोबत राहणाऱ्या कित्येक तरुण भगिनींना ही वृद्ध ‘सिस्टर मारी द ला क्रुवा’, म्हणजे क्रुसाची मारिया, हीच आपल्या संघाची संस्थापिका आहे हे ठाऊकही नव्हते.

जिने इतरांच्या म्हातारपणाची काळजी वाहिली तिचे स्वतःचे म्हातारपण असे सरले. दृष्टी अधू होत जवळजवळ गेली. काठी टेकत ती मठाच्या आवारात फिरे आणि नव्या मुलींना गोरगरिबांशी कसे वागावे हे सांगे. २९ ऑगस्ट १८७९ रोजी ती निवर्तली, तेव्हा तिच्या संघात सुमारे २,४०० धर्मभगिनी होत्या आणि दहा देशांत १७७ वृद्धगृहे उभी होती. त्याच वर्षी १ मार्च रोजी पोप लिओ तेरावे यांनी संघाच्या घटनेला मान्यता दिली होती. ल पायर यांना १८९० साली पदावरून दूर व्हावे लागले आणि त्यानंतर सत्य क्रमाक्रमाने उजेडात आले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८२ साली जानला धन्यवादित घोषित केले आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला संतपद बहाल केले.

‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या नावाने हा संघ आपल्याला परिचित आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांच्या जोडीला या भगिनी चौथे व्रत घेतात. ते आतिथ्याचे. घरात आलेला वृद्ध हा ‘दाखल झालेला’ नसून ‘आलेला पाहुणा’ आहे, असे ते व्रत सांगते. १८८२ साली या भगिनी कोलकात्याला आल्या आणि १९०० साली बंगळुरूला. मुंबईत अंधेरीच्या महाकाली परिसरातील त्यांचे वृद्धगृह आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

दरिद्रगृहातील वॉर्ड

ब्रिटनीत ही घरे उभी राहत होती त्याच काळात, खाडीपलीकडील इंग्लंडमध्ये निराधार वृद्धांची सोय वेगळ्याच रीतीने लागत होती. १८३४ च्या गरीबविषयक कायद्याने गावोगावी ‘वर्कहाउस’, म्हणजे श्रमसक्तीची दरिद्रगृहे, उभारण्यात आली. त्यांमागचे तत्त्व असे होते की, आतले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहूनही कष्टप्रद असावे, म्हणजे आळशी माणूस तेथे येणार नाही. हा कायदा योजला धडधाकट बेकारांसाठी. पण त्याच्या कचाट्यात मोठ्या संख्येने सापडले ते वृद्ध आणि रोगी. आत शिरताच नवरा-बायकोची ताटातूट होई. साठी ओलांडलेल्या जोडप्यांना एकत्र खोली मागण्याची मुभा १८४७ साली कायद्याने मिळाली, यावरून आधीच्या स्थितीची कल्पना यावी.

तेथल्या आजारी वृद्धांची शुश्रूषा कोण करी? दरिद्रगृहातल्याच दुसऱ्या म्हाताऱ्या बायका. त्यांना शिक्षण नव्हते, पगार नव्हता, पुष्कळदा अक्षरओळखही नसे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तालमीत तयार झालेली ॲग्नेस जोन्स १८६५ साली बारा प्रशिक्षित परिचारिका घेऊन लिव्हरपूलच्या दरिद्रगृहाच्या रुग्णालयात गेली. लिव्हरपूलचे दानशूर विल्यम रॅथबोन यांनी त्यासाठी पैसा उभा केला होता. गरिबांच्या खाटेशी शिकलेली परिचारिका उभी राहण्याचा इंग्लंडमधला हा पहिला मोठा प्रयोग. तीन वर्षांतच, फेब्रुवारी १८६८ मध्ये, ॲग्नेस टायफसच्या तापाने गेली. तिचे वय तेव्हा पस्तीस होते. तिने घालून दिलेला पायंडा मात्र पसरत गेला.

असे असले तरी एक उणीव राहून गेली. वॉर्ड स्वच्छ झाले, चादरी पांढऱ्या झाल्या. पण वृद्ध खाटेवरच राहिले. त्यांना ‘जुनाट रोगी’ म्हणून दाखल करून घेत आणि मरेपर्यंत ते तेथेच पडून असत. त्यांना नेमके काय झाले आहे हे कोणी तपासत नसे, कारण वयच झाले आहे हे निदान आधीच ठरून गेलेले असे.

एका नव्या शब्दाचा जन्म

या निदानाला वैद्यकाच्या बाजूने पहिले आव्हान दिले ते व्हिएन्नात जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या डॉ. इग्नाझ नाशर यांनी. विद्यार्थिदशेत त्यांच्या वर्गापुढे एक म्हातारी आपली तक्रार घेऊन आली. शिक्षकांनी सांगितले की, हे वयामुळे आहे. यावर उपाय काय, असे विचारता उत्तर मिळाले की, काहीच नाही. हा प्रसंग नाशर विसरले नाहीत. १९०९ साली त्यांनी ‘जेरियाट्रिक्स’ हा शब्द घडवला. म्हातारपण आणि वैद्य या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे. १९१४ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे साधे होते : बाल्य हा जसा आयुष्याचा स्वतंत्र काळ आहे तसेच वार्धक्यही आहे. बालकाचे शरीर म्हणजे मोठ्या माणसाचे छोटे शरीर नव्हे. त्याचप्रमाणे वृद्धाचे शरीर म्हणजे बिघडलेले तरुण शरीर नव्हे. वार्धक्यातील आजार हा वार्धक्यापासून वेगळा ओळखला पाहिजे.

शब्द जन्मला, पण वॉर्डातल्या वृद्धापर्यंत त्याचा अर्थ पोहोचायला आणखी पंचवीस वर्षे लागली.

सातशे चौदा रोगी

१९२९ च्या कायद्याने इंग्लंडमधील दरिद्रगृहांचा कारभार जिल्हा कौन्सिलांकडे सोपवण्यात आला. त्यामुळे १९३५ साली लंडनच्या पश्चिमेकडील आयल्वर्थ येथील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या दरिद्रगृहाचे रुग्णालय आले. त्यातील ७१४ रोग्यांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्यावर पडली. वॉरन यांचा जन्म १८९७ चा. १९२६ पासून त्या या रुग्णालयात होत्या आणि त्यांचा ओढा शस्त्रक्रियेकडे होता. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे वॉर्ड हे काम त्यांनी मागून घेतले नव्हते.

तेथे त्यांना दिसले ते असे : तरुण अपंग, पक्षाघाताचे रोगी, भ्रमिष्ट वृद्ध आणि मरणोन्मुख माणसे सगळी एकाच ठिकाणी मिसळून ठेवलेली. कित्येकजण वर्षानुवर्षे अंथरुणात. गुडघे पोटाशी आखडलेले, टाचांना व माकडहाडाशी जखमा, नजर छताकडे. वॉरन यांनी सर्वप्रथम जे केले त्यात नवा शोध कोणताच नव्हता. त्यांनी प्रत्येक रोग्याला नीट तपासले. कोणाला काय झाले आहे, कोण बरा होऊ शकतो, कोणाला चालायला शिकवता येईल, कोणाला केवळ प्रेमळ निगा हवी आहे, अशी वर्गवारी त्यांनी केली आणि मग एकेकाला उठवायला सुरुवात केली.

वॉर्डाचे रूपही त्यांनी पालटले. काळवंडलेल्या भिंतींना फिकट उजळ रंग दिला, दिवे वाढवले, खाटांवर रंगीत चादरी घातल्या. उठता-बसताना आधार घेता यावा अशा हातांच्या खुर्च्या आणल्या. चालायला शिकणाऱ्याला आपण कसे उभे आहोत हे दिसावे म्हणून पुरुषभर उंचीचे आरसे लावले. परिचारिका, व्यायामोपचार करणारे आणि रोग्याच्या घरची परिस्थिती पाहणारे समाजसेवक यांना त्यांनी एका गटात बांधले. पक्षाघाताचा रोगी आधी खाटेच्या कडेला बसू लागला, मग खुर्चीत, मग काठी धरून उभा राहिला. आणि ज्यांचे नाव घरच्यांनी मनातून पुसले होते असे कितीतरी वृद्ध आपल्या पायांनी घरी परतले. कालांतराने ७१४ खाटांपैकी २४० खाटाच या कामाला पुरू लागल्या. मोकळ्या झालेल्या खाटा अन्य रोग्यांच्या कामी आल्या.

१९४३ आणि १९४६ साली वॉरन यांनी आपले अनुभव वैद्यकीय नियतकालिकांतून मांडले. वृद्धांसाठी सर्वसाधारण रुग्णालयातच स्वतंत्र विभाग हवा आणि भावी डॉक्टर व परिचारिका यांचे शिक्षण तेथे झाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. १९४७ साली वृद्धवैद्यकाच्या अभ्यासकांची संस्था स्थापन झाली. तीच पुढे ‘ब्रिटिश जेरियाट्रिक्स सोसायटी’ म्हणून नावारूपाला आली. त्याच वर्षी रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरांनी, अंथरुणात पडून राहण्यापासून शरीराच्या प्रत्येक अवयवाला काय धोका असतो, हे एका गाजलेल्या लेखात सांगितले. सांधे आखडतात, स्नायू वाळतात, पायांच्या शिरांत रक्त साकळते, फुफ्फुसांच्या तळाशी कफ साठतो, मलावरोध होतो आणि मनही मिटून जाते. ज्याला लोक म्हातारपण म्हणत होते त्याचा बराचसा भाग खाटेनेच निर्माण केलेला होता.

वॉरन १९६० साली, एका सभेसाठी प्रवास करीत असताना मोटार अपघातात मृत्यू पावल्या.

परिचारिकेने मोजलेली जखम

वॉरन यांच्या कार्यामुळे अनेक वृद्ध उठले. परंतु काही उठू शकत नाहीत हेही खरेच. त्यांचे काय? याचे उत्तर परिचारिकांनाच शोधावे लागणार होते, कारण रात्रंदिवस त्या देहाजवळ असतात त्या त्याच.

लंडनमधील डोरीन नॉर्टन या परिचारिकेने रोडा मॅकलारेन आणि डॉ. एक्स्टन-स्मिथ यांच्यासह रुग्णालयातील वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास केला. त्याचा अहवाल १९६२ साली प्रसिद्ध झाला. अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठीला, कुल्ल्यांना व टाचांना होणाऱ्या जखमा, म्हणजे शय्याव्रण, हा त्यातील मोठा विषय. तोवर प्रत्येक वॉर्डात निरनिराळी मलमे व द्रव्ये चोळण्याच्या पद्धती होत्या आणि प्रत्येक सिस्टरचा आपल्या पद्धतीवर विश्वास होता. नॉर्टन यांच्या निरीक्षणातून असे दिसले की, काय चोळावे याला फारसे महत्त्व नाही. रोग्याला ठरावीक वेळाने कुशीवर वळवून हाडावरचा दाब काढणे हाच खरा उपाय.

कोणाला अशी जखम होण्याचा संभव आहे हे आधीच ओळखता यावे म्हणून त्यांनी एक सोपी मोजणी दिली. शारीरिक स्थिती, मनाची स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणात स्वतःहून होणारी हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा, या पाच बाबींना प्रत्येकी एक ते चार गुण द्यायचे. बेरीज वीस म्हणजे उत्तम. चौदा किंवा त्याहून कमी भरली तर सावध व्हायचे. कागदाच्या एका तक्त्याने परिचारिकेच्या अनुभवाला शास्त्राचे रूप मिळाले. शुश्रूषा ही डॉक्टरांच्या हुकमाची केवळ अंमलबजावणी नसून तिला स्वतःचे ज्ञान आहे, हे यातून सिद्ध झाले.

अमेरिकेतही हाच विचार मूळ धरत होता. तेथील परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९६६ साली वृद्धशुश्रूषेचा वेगळा विभाग उघडला. १९७६ साली या विभागाच्या नावातील वृद्धांच्या वैद्यकीय उपचारांचा सूचक शब्द बदलून वार्धक्याच्या समग्र अभ्यासाचा बोध करणारा शब्द घालण्यात आला. वृद्धाकडे केवळ रोगी म्हणून पाहू नये, हा त्या नामांतराचा आशय.

म्हातारपण कोणते आणि आजार कोणता?

आजारी नसलेले म्हातारपण कसे असते? हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. पूर्वीच्या पुस्तकांतील वार्धक्याची वर्णने बव्हंशी रुग्णालयांतील व आश्रमांतील वृद्धांवरून लिहिलेली. १९५८ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे नॅथन शॉक यांच्या पुढाकाराने, आपापल्या घरी राहणाऱ्या माणसांना ठरावीक कालावधीने वर्षानुवर्षे तपासण्याचा अभ्यास सुरू झाला. प्रारंभी त्यात केवळ पुरुष होते. १९७८ पासून स्त्रियांचाही समावेश झाला. त्यातून दिसले की, सर्वजण सारख्या गतीने म्हातारे होत नाहीत. वयाबरोबर मूत्रपिंडाचे काम मंदावते असे सरसकट मानले जाई. या अभ्यासातील निरोगी माणसांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांत वर्षे लोटूनही तशी घट आढळली नाही.

तेव्हा वयाचे स्वाभाविक बदल कोणते? चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग कठीण होऊ लागते आणि जवळचे वाचायला चष्मा लागतो. बाहुली लहान राहते; साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या माणसाच्या मानाने एकतृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हणून आजोबांना दिवा मोठा हवा असतो. ते हट्ट करीत नसतात. कानांना उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून ओरडण्याऐवजी समोर बसून, सावकाश व खालच्या पट्टीत बोललेले अधिक उमगते. त्वचा पातळ होते, स्नायू व हाडे काहीशी झिजतात, झोप सावध होते. एकदम उठल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे पाणी मागितले नाही तरी द्यावे लागते. नाव आठवायला वेळ लागतो. पण शब्दसंपत्ती आणि आयुष्यभराची जाण टिकून असते.

आणि स्वाभाविक नव्हे ते कोणते? घरचा रस्ता चुकणे, ओळखीची माणसे न ओळखणे, मलमूत्रावरचा ताबा सुटणे, वारंवार पडणे, जेवणावरची वासनाच उडणे, सतत उदास राहणे. यांतील प्रत्येकामागे शोधण्याजोगे कारण असते आणि पुष्कळदा उपाय असतो. वृद्धापकाळी आजार आपला वेशही बदलतो. न्यूमोनिया झालेल्या आजीला ताप चढेलच असे नाही. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज अचानक असंबद्ध बोलू लागते एवढीच खूण कधी दिसते. अशा वेळी ‘म्हातारचळ लागला’ म्हणून स्वस्थ बसणे तिच्या जिवावर बेतू शकते. तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

खाटेविषयी तर अलीकडचा एक प्रयोग बोलका आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बारा निरोगी वयस्क स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवण्यात आले. एवढ्याच अवधीत त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सरासरी सुमारे एक किलोने घटले. निरोग्याची ही गत, मग तापातून उठलेल्या सत्तरीच्या माणसाची काय होत असेल?

आपल्या दारी

भारतात या शास्त्राची पावले उशिरा उमटली. १९७८ साली मद्रासच्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी वृद्धांसाठी स्वतंत्र विभागाची सुरुवात केली आणि १९९६ पासून तेथील वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळू लागले. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्या भारतीयांची संख्या दहा कोटींहून अधिक भरली. एवढ्या वृद्धांना पुरेल इतके डॉक्टर, परिचारिका आणि वृद्धगृहे कोठून येणार? शुश्रूषेचा मुख्य भार घरांवरच आहे. आणि घरांत तो बहुधा सुनेवर, मुलीवर किंवा स्वतःच साठी गाठलेल्या पत्नीवर पडतो. मुले आखातात किंवा परदेशात गेलेल्या घरांत तो पगारी बाईवर असतो. दरिद्रगृहातल्या त्या अशिक्षित म्हाताऱ्यांप्रमाणे या स्त्रियांनाही हे काम कोणी शिकवलेले नसते. मनापासून, रात्रीचा दिवस करून त्या ते करतात आणि अनेकदा मायेनेच वृद्धाला खाटेशी बांधून टाकतात. हातातली भाकरी थापू देत नाहीत, बाजारात जाऊ देत नाहीत, आंघोळ स्वतः घालतात, घास भरवतात. वृद्धही प्रारंभी सुखावतो. काही महिन्यांनी त्याला यांतले काहीच जमेनासे होते आणि मग सर्वजण म्हणतात, वयच झाले आहे.

म्हणून या इतिहासाकडे धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने आपल्या कामाची गोष्ट म्हणून पाहावे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली, जुलै महिन्याचा चौथा रविवार हा आजी-आजोबांचा व ज्येष्ठांचा जागतिक दिन म्हणून ठरवून दिला. त्या रविवारी ज्येष्ठांना पुष्पगुच्छ देणे चांगलेच. त्याच दिवशी धर्मग्रामातील परिचारिका भगिनींनी दोन तास काढून, रोग्याला खाटेवरून न दुखवता कसे उठवावे, दर दोन-तीन तासांनी कुशीवर कसे वळवावे, न्हाणीघरात धरायला दांडी कोठे लावावी, एवढे जरी घरोघरच्या सुनामुलींना दाखवले तरी त्या दिवसाचे सार्थक होईल. वसईपासून गोव्यापर्यंत आपल्या समाजातल्या कितीतरी मुलींनी परिचारिकेचा व्यवसाय पत्करून देशोदेशींच्या वृद्धांची सेवा केली आहे. ते ज्ञान आपल्या गावात आहे. ते वेशीपलीकडून आणावे लागणार नाही.

उठू न शकणाऱ्यांसाठीही शुश्रूषा असते. आन शोव्हँ आंधळी होती, लुळी होती आणि तशीच राहिली. तिला उबदार खाट, स्वच्छ अंग आणि नावाने हाक मारणारे माणूस मिळाले. तिला तेवढेच हवे होते. कोणाला खाट द्यायची आणि कोणाचा हात धरून उभे करायचे, हे ओळखण्यासाठी म्हाताऱ्या माणसाकडे नीट निरखून पाहावे लागते. जानने सँ-सेर्वांत तसे पाहिले, वॉरन यांनी ७१४ जणांना एकेक करून तसे पाहिले, नॉर्टन यांनी तशा पाहण्याची मोजणी केली. आपल्या घरात तर एकच आजी असते, किंवा एकच आजोबा. त्यांच्या तक्रारीवर ‘वय झालंय’ हे शब्द ओठांवर आले की क्षणभर थांबावे आणि विचारावे : ‘बाबा, हे कधीपासून होतंय?’ शुश्रूषेला सुरुवात तेथूनच होते.